बंद पडलेल्या कुस्ती-कंपन्यांचे जुने कार्यक्रम कसे पाहावेत

डब्ल्यूसीडब्ल्यू आणि ईसीडब्ल्यू या दोन्ही अमेरिकी कंपन्या २००१ साली संपल्या. त्यांचे पुष्कळ चित्रण आज पाहायला मिळते, पण नवा प्रेक्षक गाजलेल्या क्षणांच्या तुकड्यांपासून सुरुवात करतो आणि लवकरच कंटाळतो. माझा आग्रह असा की, मोठी लढत सुटी न पाहता तिच्याआधीचे चार-सहा आठवडेही पाहावेत. या खेळात निकाल आधीच ठरलेला असतो आणि खरे कसब प्रेक्षकाला त्या निकालाची ओढ लावण्यात असते.

पुणेकरांनी 'रिंग का किंग'पासून सुरुवात करावी. टीएनए या अमेरिकी कंपनीने जेफ जॅरेटच्या पुढाकाराने उभ्या केलेल्या या कार्यक्रमाचे चित्रीकरण आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले आणि २८ जानेवारी ते २२ एप्रिल २०१२ या काळात त्याचे २६ भाग कलर्स वाहिनीवर दाखवले गेले. एकच हंगाम झाल्यामुळे तो अथपासून इतिपर्यंत पाहता येतो. समालोचन हिंदीत असल्याने घरातली वडीलधारी मंडळीही सोबत बसू शकतात. मात्र तालमीतली कुस्ती पाहत वाढलेल्या काकांना लढती ठरवून केलेल्या आहेत हे आधीच सांगावे, म्हणजे 'ही तर नुरा कुस्ती' म्हणून ते उठून जाणार नाहीत. त्यांना पडण्याची कला पाहायला सांगावे: हनुवटी छातीशी टेकलेली, पाठ एकदम सपाट आणि दोन्ही हात फैलावून गादीवर आपटलेले, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर विभागला जातो. जाणत्या डोळ्यांना हे लगेच पटते.

त्यानंतर डब्ल्यूसीडब्ल्यूच्या १९९६च्या उन्हाळ्याकडे वळावे. २७ मे रोजीच्या 'नायट्रो' या साप्ताहिक कार्यक्रमात एक साधी लढत चालू असताना प्रतिस्पर्धी कंपनीतून आलेला स्कॉट हॉल प्रेक्षकांमधून वाट काढत थेट रिंगणात येतो आणि माइक मागतो. तिथून ७ जुलैच्या 'बॅश अ‍ॅट द बीच' या मोठ्या कार्यक्रमापर्यंतचा एकही भाग गाळू नये, कारण त्या रात्री लोकांचा लाडका नायक हल्क होगन हॉलच्या खलनायक टोळीला मिळतो तेव्हा लोक रिंगणात कचरा का फेकतात, हे आधीच्या आठवड्यांशिवाय कळणारच नाही. याच काळात, १६ जूनला, रे मिस्टेरिओ ज्युनियर या कंपनीत पहिल्यांदा उतरला. डीन मलेन्कोबरोबरची त्याची ती लढत मला आजही ताजी वाटते. २००० सालचे भाग मात्र खुशाल वगळावेत.

ईसीडब्ल्यू पाहताना आवाजाकडे लक्ष द्यावे. फिलाडेल्फियातल्या एका बिंगो हॉलमध्ये चालणाऱ्या या कार्यक्रमात लोकप्रिय गाणी सर्रास वाजत, पण पुढे अधिकृतपणे निघालेल्या आवृत्त्यांत हक्कांच्या कारणाने त्यांपैकी बरीच बदलली गेली. त्यामुळे सँडमॅन या कुस्तीगिराच्या प्रवेशातली अर्धी जान जाते. मूळ प्रक्षेपणाची प्रत मिळाल्यास तीच निवडावी. ऑगस्ट १९९४ मधला टेरी फंक या कुस्तीगिराने खुर्ची मागितल्याचा प्रसंग अवश्य पाहावा. प्रेक्षक इतक्या खुर्च्या फेकतात की रिंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि १३ एप्रिल १९९७ला हाच फंक वयाच्या बावन्नाव्या वर्षी अजिंक्यपद जिंकतो.

कॅलगरीची 'स्टॅम्पीड' आणि मिनियापोलिसची 'एडब्ल्यूए' या जुन्या कंपन्यांकडे गोडी लागल्यावर जावे.

डब्ल्यूसीडब्ल्यूचा २६ मार्च २००१चा अखेरचा भाग सर्वांत शेवटी ठेवावा. त्यात स्टिंग आणि रिक फ्लेअर एकमेकांशी लढतात. ४ सप्टेंबर १९९५च्या पहिल्या 'नायट्रो'तही हेच दोघे होते आणि त्याआधी, माध्यम-उद्योजक टेड टर्नरने कंपनी घेण्यापूर्वी, २७ मार्च १९८८ रोजीही. या तीन लढती एका बैठकीत, ओळीने पाहाव्यात. १९८८ची लढत पंचेचाळीस मिनिटे चालून बरोबरीत सुटते. तरी ती अर्ध्यावर सोडू नये, कारण स्टिंग कोण आहे हे प्रेक्षकांना खऱ्या अर्थाने त्याच रात्री कळले.