जुन्या डॉस पडद्याचा फाँट लावताय? या चुका टाळा

बिटमॅप फाँट, म्हणजे ठिपक्यांनी काढलेल्या अक्षरांचा फाँट, बिघडलेला दिसला की लोक दुसरा फाँट शोधायला लागतात. बहुतेक वेळा फाँट चांगलाच असतो, आकार चुकलेला असतो.

व्हीजीए (डॉसच्या काळातलं ग्राफिक्स कार्ड) टेक्स्ट मोडचा फाँट १६ पिक्सेल उंचीसाठी ठिपका ठिपका बसवून काढलेला आहे. तो १६, ३२ किंवा ४८ वरच ठेवा. २० वर नेला तर पिक्सेलच्या १६ ओळींमधल्या चार दुप्पट होतात, बाकीच्या तशाच राहतात; मग इंग्रजी ‘ई’ची एक आडवी रेघ जाड, दुसरी बारीक दिसू शकते. स्मूदिंग (कडा गुळगुळीत करणारी सोय) चालू असेल तर कडाही धुरकट होतात. सेटिंगमध्ये आकार पॉइंटमध्ये मागितला असेल तर ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ पिक्सेल) १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंगही बघा: १२५ टक्क्यांवर त्या १६ चे गुपचूप २० होतात.

चौकटींच्या रेघा तुटतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. उभी रेघ तुटत असेल तर ओळींमधलं जादा अंतर शून्य करा, काम झालं. आडवी तुटत असेल तर कारण मजेदार आहे. व्हीजीएचा फाँट साठवलेला असतो ८ पिक्सेल रुंद, पण ७२०×४०० च्या मोडमध्ये कार्ड प्रत्येक अक्षराला ९ पिक्सेल देतं. नववा स्तंभ एरवी कोरा असतो. फक्त १९२ ते २२३ क्रमांकांच्या चिन्हांसाठी (यातच चौकटीच्या आडव्या रेघा येतात) आठवाच स्तंभ तिथे पुन्हा उमटतो, म्हणून रेघा जुळतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय नसेल तर सरळ ८ रुंदीच ठेवा, किंवा ९ रुंदीचा तयार फाँट घ्या.

अक्षरं बसकी वाटतात? ४:३ मॉनिटरवर ७२०×४०० चा पिक्सेल रुंदीच्या १.३५ पट उंच होता, आजचे पिक्सेल चौरस आहेत. ३२०×२०० ला १६००×१२०० वर आडवं ५ पट, उभं ६ पट केलं की प्रमाण नेमकं जमतं. ७२०×४०० चं असं सहज जमत नाही; तिथे मी चौरस पिक्सेलच ठेवतो, कारण थोडं बसकं अक्षर धुरकट अक्षरापेक्षा वाचायला बरं.

लिनक्सवर फाँट यादीतच दिसत नसेल तर तो बहुधा बीडीएफ किंवा पीसीएफ या जुन्या बिटमॅप प्रकारांतला असणार. पँगो, म्हणजे लिनक्सवरच्या अनेक प्रोग्रॅममध्ये अक्षरं मांडणारी लायब्ररी, तिच्या १.४४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, हे प्रकार तिथे चालत नाहीत; फाँटफोर्ज या फाँट संपादकातून ओटीबी (ओपनटाइप बिटमॅप) करून घ्या.

आणि मराठी मजकूर असेल तर युनिफाँट या बिटमॅप फाँटच्या भरवशावर राहू नका. त्यात देवनागरी आहे, पण प्रत्येक युनिकोड चिन्हाला एकच ठरलेली आकृती. ‘क्ष’ जुळत नाही. क, हलन्त आणि ष सुटे सुटे पडतात. तेवढ्या मजकुराला साधा आउटलाइन फाँट (ठिपक्यांऐवजी रेषांनी आकार ठरवणारा, नेहमीचा फाँट) लावा.