कालावधीला कालावधीने भागताना

समजा, रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. दीड तासात वीस-वीस मिनिटांच्या किती खेपा बसतील? तोंडी हिशेब साडेचार, म्हणजे पुऱ्या चार. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीला हे सरळ विचारलंत तर एरर येते, कारण तिथे इंटरव्हलला, म्हणजे कालावधीला, आकड्याने भागता येतं, दुसऱ्या इंटरव्हलने नाही. उपाय सोपा: ‘एक्स्ट्रॅक्ट’ फंक्शनमध्ये ‘इपॉक’ मागून दोन्हींचे सेकंद काढा आणि मग भागा. ५४०० भागिले १२००, उत्तर ४.५. पुऱ्या खेपा हव्या असतील तर वरून ‘फ्लोअर’ लावा. भाजक शून्य असण्याची शक्यता असेल तर त्याला ‘नलइफ’मध्ये गुंडाळा, म्हणजे शून्याच्या जागी ‘नल’ (रिकामी किंमत) येईल आणि एरर टळेल.

एरर आली तर निदान कळतं तरी. मायएसक्यूएल ही दुसरी डेटाबेस प्रणाली मात्र गुपचूप चुकते. ‘टाइम’ प्रकारातले ०१:३०:०० आणि ००:२०:०० थेट भागले की ती त्यांना १३००० आणि २००० असे आकडे समजते आणि ६.५ उत्तर देते. चोडणच्या धक्क्यावरचा कुणीही हसेल! मायएसक्यूएलमध्ये आधी ‘टाइम टू सेक’ फंक्शनने वेळेचे सेकंद करून घ्या.

महिने-वर्षं आली की मात्र सेकंदांवर विसंबू नका. पोस्टग्रेएसक्यूएलचं ‘इपॉक’ महिना ३० दिवसांचा धरतं आणि वर्ष ३६५.२५ दिवसांचं, त्यामुळे एका वर्षाला एका महिन्याने भागलं तर १२ नव्हे, १२.१७५ येतात. भाडेकरार किंवा हप्ते मोजायचे असतील तर ‘एज’ने दोन तारखांमधलं अंतर घ्या, वर्षांना बाराने गुणा आणि उरलेले महिने त्यात मिळवा.