चेहरा फडफडण्याचं ऑपरेशन आणि कानाचा बेरा: या चुका टाळा

डोळा लवतोय, शुभ की अशुभ, यावरच आपल्याकडे दोन-चार वर्षं जातात. मग अर्धा चेहरा ओढायला लागला की बीड-परभणीकडचा पेशंट संभाजीनगर गाठतो. ऑपरेशनमध्ये चेहरा हलवणाऱ्या सातव्या नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. ऐकण्याची आठवी नस या सातव्या नसेला अगदी खेटून असते, म्हणून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बेरा चालू ठेवायचा. बेरा म्हणजे कानात क्लिकचे टकटक आवाज सोडून ऐकण्याच्या नसेत आणि मेंदूच्या बुंध्यात उठणाऱ्या, पहिली ते पाचवी अशा नंबरांच्या विद्युत लहरी टिपणारी तपासणी. हे मशीनवर बसणाऱ्यांसाठी.

पहिली चूक कानातच होते. कान ठणकला की कोमट तेल सोडायची सवय गावोगाव आहे; तेल आणि मळ साचलेल्या कानात क्लिक नीट पोचणारच नाही. आदल्या दिवशी कान बघा, ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) करून ठेवा. क्लिक पोचवणारा नळीचा इअरफोन बसवला की वरून चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर बीटाडीन आत उतरतं. डोकं वळवताना नळी दुमडते, म्हणून पोझिशन दिल्यावर बेसलाइन (तुलनेसाठीच्या सुरुवातीच्या लहरी) पुन्हा घ्या.

क्लिकचा वेग सेकंदाला 10 ठेवू नका. आपली वीज 50 हर्ट्झची. तिला 10 ने पूर्ण भाग जातो आणि विजेची घरघर शेकडो क्लिकच्या सरासरीत पुसली न जाता साचत राहते. 11.1 ठेवा. कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं साधन) चालू असताना आलेल्या लहरींवर निष्कर्ष काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात महागात पडते ती गप्प बसण्याची चूक. पाचवी लहर बेसलाइनपेक्षा 1 मिलिसेकंद मागे सरकली किंवा तिची उंची निम्म्यावर आली, की आधी तोंड उघडा: "सर, पाचवी मागे जातेय." वायरी नंतर तपासा. सेकंदाला 11 क्लिक म्हणजे 1000 क्लिकच्या सरासरीला दीड मिनिट लागतं. तुम्हाला दिसतंय ते आधीच घडून गेलेलं असतं. मोठ्या सर्जनला मध्येच टोकायचं कसं, हा संकोच ओटीबाहेर ठेवा.

सर रिट्रॅक्टर (मेंदू बाजूला धरणारी पट्टी) सैल करतील तोवर पहिली लहर बघा. पहिली शाबूत आणि पाचवी गेली, तर बहुतेक नस ताणली गेली आहे. पहिलीसकट सगळंच गेलं, तर नळी निसटली असेल, ड्रिलचा आवाज असेल, किंवा आतल्या कानाचा रक्तपुरवठा अडला असेल. नळी जागेवर आणि ड्रिल बंद असेल, तर तिसरी शक्यता लगेच बोलून दाखवा. गार सलाईनने धुतलं तरी लहरी लांबतात. सिस्टरना सलाईन अंगाइतकं कोमट मागा.

स्नायू सैल करणाऱ्या औषधाने बेरा बिघडत नाही, पण चेहऱ्याच्या स्नायूंवरचे सिग्नल दबतात. ते पाहून "फडफड थांबली" म्हणू नका. भूलतज्ज्ञांना डोस विचारा.

टेफ्लॉन बसलं म्हणून इलेक्ट्रोड काढायची घाई नको; ड्युरा (मेंदूवरचं आवरण) शिवून होईपर्यंत मशीन चालू राहू द्या. आणि लहरी शेवटपर्यंत चांगल्या असूनही दुसऱ्या दिवशी कान दडे बसल्यासारखा वाटला, तर नातेवाइकांना घाबरवण्याआधी ईएनटीला दाखवा. मधल्या कानात पाणी साचलेलं असू शकतं, ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतं.