डॉ. फ्रॉयलानो डी मेलो: वैज्ञानिक-लोकप्रतिनिधीचं चरित्र कागदांवरून कसं लिहावं

वैज्ञानिक राजकारणात गेला की त्याचं चरित्र बहुधा दोन तुकड्यांत लिहिलं जातं. आधी शोधनिबंधांची यादी येते, मग पदांची. मधला सांधा राहून जातो, आणि खरी गोष्ट त्या सांध्यातच असते. सूक्ष्मदर्शकाखाली कळलेलं पुढे हुकूम झालं का, त्यासाठी पैसे मंजूर झाले का, आणि गावातली माणसं त्यामुळे कमी आजारी पडली का, हे चरित्रात सापडलं पाहिजे.

गोव्यात या अभ्यासासाठी डॉ. इंदालेन्सियो पास्कोआल फ्रॉयलानो डी मेलो यांच्यासारखा दुसरा विषय नाही. १८८७ मध्ये बाणावलीत जन्म. सूक्ष्मजीव आणि परजीवींचे अभ्यासक, पणजीच्या वैद्यकीय शाळेचे संचालक, पोर्तुगीज भारताच्या आरोग्य खात्याचे प्रमुख. १९३८ ते १९४५ पणजीचे नगराध्यक्ष, १९४५ ते १९४९ लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत गोव्याचे प्रतिनिधी, आणि १९५५ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात मृत्यू. एवढी माहिती कुठेही मिळते. शाळेचा प्रकल्प असो, गावच्या वाचनालयातलं प्रदर्शन असो की दिवाळी अंकातला लेख, काम याच्या पुढे सुरू होतं.

एकच रोग निवडा

सगळं आयुष्य एका दमात लिहायला घेऊ नका. मलेरिया, कुष्ठरोग किंवा क्षय यांतला एकच धागा निवडा आणि वहीचं पान सहा रकान्यांत आखा: तारीख, तेव्हाचं पद, शास्त्राला तेव्हा काय माहीत होतं, काय हुकूम निघाला, किती रक्कम मंजूर झाली, परिणाम काय झाला. सहावा रकाना सगळ्यात उशिरा भरतो. तो रिकामा असताना "त्यांनी रोग हटवला" असं लिहू नका.

उदाहरणार्थ, जुन्या गोव्यातल्या विहिरी बंद करून मलेरिया आवरल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. हे श्रेय तपासायचं तर आधी तिसरा रकाना भरा. डासांमधून मलेरियाचा परजीवी पसरतो याचा धागा डॉ. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला १८९७ मध्ये लागला, म्हणजे डी मेलो तेव्हा दहा वर्षांचे होते. डीडीटी हे कीटकनाशक दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. त्याआधी क्विनीनचं औषध, साचलेल्या पाण्यावर तेल आणि डासांची पैदास होते ती जागाच बंद करणं, एवढेच उपाय हातात होते. हे कळलं की विहिरी बुजवण्याचा निर्णय विक्षिप्त वाटत नाही. मग चौथ्या रकान्यासाठी हुकूम शोधा, पाचव्यासाठी अंदाजपत्रक, आणि सहाव्यासाठी त्या भागातल्या मृत्यूंच्या नोंदी, निदान पाच वर्षं आधीच्या आणि पाच वर्षं नंतरच्या. एकाच वर्षाचा आकडा घेतला तर पाऊस कमी झाल्यामुळे रोग घटला की विहिरींमुळे, हे सांगता येणार नाही.

कुष्ठरोगाचा धागा घेतलात तर सासष्टीतल्या माकाझानच्या कुष्ठरुग्णालयाकडे जावं लागेल. तिथेही काळ आधी समजून घ्या. प्रभावी गोळ्या येईपर्यंत कडू कवठाच्या बियांचं तेल टोचणं हाच उपचार होता आणि रुग्णाला वेगळं ठेवणं हे धोरण. आजच्या नजरेला ते क्रूर दिसतं, आणि रुग्णांच्या घरच्यांसाठी ते होतंही. दोन्ही गोष्टी लिहा.

नाव शोधताना बसणारा फटका

बहुतेकांचं काम इथेच अडतं. १९११ मध्ये पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं आणि जोड व्यंजनं गेली. त्यामुळे 'मेलो' हे आडनाव काही ठिकाणी दोन 'एल' घालून छापलेलं आहे, काही ठिकाणी एक. सूचीत दोन्ही तऱ्हांनी शोधा. तसंच 'पणजी नगरपालिका' म्हणून शोधलं तर हाती फारसं लागत नाही. तेव्हाची पालिका तिसवाडी महालाची होती आणि कागदांवर ती 'काम्रा मुनिसिपाल दास इल्यास' या नावाने येते. शहराचं नाव १८४३ पासून 'नोव्हा गोवा' होतं. मलेरियासाठी 'पालुदिज्मु' आणि 'सेझोनिज्मु' हे दोन्ही शब्द बघा.

कागद कुठे आहेत

सुरुवात पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून करा. १८३२ पासूनचं हे ग्रंथालय आहे. तिथे पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रं आणि सरकारी राजपत्र, म्हणजे 'बोलेतीं ओफिसियाल', बघायला मागा. हे राजपत्र १८३७ पासून निघत होतं. नेमणूक, बदली, हुकूम आणि खर्चाची तरतूद त्यातच छापली जाई, म्हणून तुमच्या वहीतला चौथा आणि पाचवा रकाना बराचसा इथेच भरतो. वर्षाची सूची आधी बघा, मग अंक मागा. थेट अंक चाळत बसलात तर दिवस जातो. पुराभिलेख खात्यात हस्तलिखित फायली मिळतात आणि पर्वरीच्या झेव्हियर संशोधन केंद्रात संदर्भग्रंथ. जन्माची नोंद नागरी निबंधकाकडे मागू नका. सक्तीची नागरी नोंदणी १९१४ च्या सुमाराची, म्हणून १८८७ चा जन्म चर्चच्या बाप्तिस्मा वहीतच शोधावा लागतो. त्यासाठी व्हिगारांना, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रींना, लेखी अर्ज द्या, त्यात वर्ष आणि आईवडिलांची नावं घाला.

जुने कागद पाहताना फक्त पेन्सिल वापरा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा, फ्लॅश बंद ठेवा. पान दाबून सपाट करू नका, शिवण तुटते. छायाचित्रात कडेला सेंटिमीटरची पट्टी आणि अंकाचा क्रमांक, तारीख लिहिलेली चिठ्ठी येऊ द्या; चिठ्ठीशिवाय काढलेल्या पानाचा नंतर उपयोग होत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात पानं ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते, तेव्हा असं काम नोव्हेंबर ते मे या काळात उरका.

आकडे वाचताना चलन लक्षात ठेवा. तेव्हाची रुपिया सोळा टांगांची होती आणि १९५८ मध्ये तिच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. दवाखान्याच्या रकमेचं आजच्या रुपयांत रूपांतर करू नका, त्यातून काहीच कळत नाही. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात रस्त्यांना किती दिले, पोलिसांना किती, शाळांना किती, ते शेजारी मांडा. आरोग्याला सरकार किती महत्त्व देत होतं ते वाचकाला त्या शेजारून कळतं.

प्रयोगशाळेचा भाग

सजीवाच्या शास्त्रीय नावापुढे ते पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष लिहिण्याची पद्धत आहे. नीलकंठ पक्ष्याच्या रक्तातला एक परजीवी 'हीमोप्रोटियस कोरासिए, डी मेलो आणि अफोन्सो, १९३५' असा नोंदला गेला आहे. या एका ओळीत वर्ष, सहकारी आणि कोणत्या प्राण्यावर काम चाललं होतं, तिन्ही गोष्टी मिळतात. अशी नावं गोळा केली की निबंध हाती न येताही डी मेलो यांच्या संशोधनाचा कालक्रम उभा राहतो. आडनाव आणि वर्ष कंसात असेल तर घाबरू नका. ती जाती नंतर दुसऱ्या वंशात (जीनसमध्ये) हलवली एवढाच त्याचा अर्थ. शोधावर शंका घेतलेली नसते.

सभागृहातली भाषणं

पोर्तुगालच्या संसदेने जुनी इतिवृत्तं संगणकावर ठेवली आहेत. 'दियारियु दास सेसोईंस' या मालेत १९४५ ते १९४९ हा सभेचा चौथा कार्यकाळ निवडा आणि 'एस्तादु दा इंदिया', म्हणजे पोर्तुगीज भारत, या शब्दांनी शोधा. भाषण पूर्ण उतरवा, त्याआधीचा वक्ता आणि नंतरचं उत्तरही. अर्ध्या उताऱ्यावरून माणूस शूर किंवा लाचार, कसाही दाखवता येतो.

हे सभागृह पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतलं होतं. १९४५ च्या निवडणुकीतून विरोधकांनी माघार घेतली होती आणि सत्ताधारी 'युनियांव नासियोनाल' हीच एक संघटना उरली. दुसऱ्याच वर्षी, १८ जून १९४६ ला, मडगावात डॉ. राममनोहर लोहिया त्याच राजवटीविरुद्ध बोलायला उभे राहिले. हे दोन प्रसंग एकाच पानावर मांडायचे धाडस करा. डी मेलो त्या सभागृहात बसले हे लपवू नका, आणि केवळ बसले म्हणून त्यांना सरकारचा माणूसही ठरवू नका. त्यांनी तिथे काय मागितलं, ते इतिवृत्तातल्या ओळीच सांगतील.

वर्तमानपत्रांबाबत सावध राहा. त्या काळात मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई, म्हणून 'ऊ हेराल्दो'मध्ये टीका दिसली नाही यावरून टीका नव्हती असं ठरवता येत नाही. मुंबईत निघणारी गोमंतकीयांची नियतकालिकं त्याच आठवड्याची घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. तोंडी आठवणी घ्यायच्या तर वर्ष विचारू नका, खूण विचारा: तेव्हा वीज आली होती का, पूल होता का, कोणती विहीर बंद झाली. वर्ष तुम्ही कागदावरून लावा.

मांडणी

प्रदर्शनासाठी सहा फलक पुरेत, एकेका फलकावर १५० शब्दांपेक्षा जास्त नकोत. मजकुराचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर येऊ द्या. लहान मुलं येणार असतील तर तो थोडा खाली घ्या. देवनागरीला मात्रा आणि रफारांमुळे ओळींत जास्त अंतर लागतं. छापखान्यात युनिकोड फाईल जुन्या फॉन्टमध्ये उघडली की जोडाक्षरं तुटतात, म्हणून फॉन्टसह पीडीएफ द्या आणि फ्लेक्स छापण्याआधी एक कागदी प्रत वाचून बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनाचा हक्क संपतो, त्यामुळे त्यांचं स्वतःचं लेखन २०१६ पासून मुक्त आहे. छायाचित्राचा हक्क वेगळा असतो, तो प्रत्येक चित्राचा तपासा. प्रत्येक हुकुमाच्या प्रतीखाली राजपत्राचा क्रमांक आणि तारीख छापा, म्हणजे शंका आली तर वाचक पाटोला जाऊन तेच पान उघडू शकेल.