काळी नदीच्या काठी कॅम्परव्हॅन लावताय? या चुका टाळा

थंडी पडली की बेळगावातून खानापूर, लोंढा, रामनगरच्या रस्त्याला कॅम्परव्हॅन दिसायला लागतात. कुणी ट्रॅव्हलरच्या सीटा काढून पलंग बसवून घेतलेला, कुणी भाड्यानं आणलेली. सगळ्यांची धाव गणेशगुडी, जोयडा, दांडेलीकडे. अणशीचं राष्ट्रीय उद्यान आणि दांडेलीचं अभयारण्य मिळून तिथं काळी व्याघ्र प्रकल्प झालाय, आणि त्या जंगलातून वाहणाऱ्या नदीच्या काठावर रात्र काढायची सगळ्यांनाच हौस असते. हौस चांगली आहे, जागाही तशीच आहे. पण दर हंगामात लोक त्याच त्या चुका करतात, आणि त्यातल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

गाडी पात्रात उतरवणं

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सांगूनही लोक ऐकत नाहीत.

गणेशगुडीला सुपा धरण आहे, 101 मीटर उंच. पायथ्याच्या वीजघरात 50 मेगावॉटचे दोन संच आहेत. विजेची मागणी वाढली की संच सुरू होतात आणि त्यातून गेलेलं पाणी खालच्या पात्रात येतं. म्हणजे धरणाखालची काळी वाढायला पाऊस लागत नाही. दुपारी पात्रात खडक उघडे दिसतात, मधे वाळूचा पट्टा असतो, पोरं घोटाभर पाण्यात खेळत असतात. संच सुरू झाले की तेच खडक पाण्याखाली जातात. गणेशगुडीचं राफ्टिंगही याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. राफ्टिंगचं बुकिंग करून आलेली माणसंच वाळूवर खुर्च्या मांडून बसलेली मी बघितली आहेत.

एका डिसेंबरात आमच्या शेजारी निपाणीकडची दोन कुटुंबं उतरली होती. कॅम्पच्या पोरानं त्यांना वरची, जांभळीखालची जागा दाखवली. त्यांना ती पसंत पडली नाही, तिथून पाणी दिसत नव्हतं. गाडी मागं घेत घेत थेट वाळूवर नेली. पोरगा दोनदा सांगायला आला, "काका, गाडी वर घ्या, पाणी सुटतंय हितं." काकांनी आभाळाकडे हात केला. "पाऊस कुठाय रे? बघ की, एक ढग तरी हाय काय?"

दिवस कलला. भात शिजत होता, आजींना पाण्याजवळ खुर्ची टाकून दिली होती. आधी बदलला तो आवाज. उथळ नदी दगडांवरून वाहताना सतत खळखळत असते, ती खळखळ एकदम कमी झाली, कारण दगड बुडायला लागले होते. मग वाळलेली पानं आणि फेस यांचा एक पट्टा वाहत आला. त्यानंतर बघता बघता पाणी वाळूच्या पट्ट्यावर चढलं. आजींना दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. शेगडी, भाताचं पातेलं, दोन खुर्च्या, सतरंजी गेली. गाडीचं मागचं चाक ओल्या वाळूत फिरायला लागलं, आणि चालवणाऱ्यानं घाबरून ॲक्सिलरेटर दाबून धरला, त्यामुळं ते आणखी खाली बसलं. शेवटी कॅम्पचा ट्रॅक्टर आणून, पुढच्या हुकाला पट्टा लावून ओढून काढली. तोवर पाणी मागच्या दाराच्या पायरीला लागलं होतं. रात्री ती माणसं काही न बोलता बसून होती. त्या पोरानंच त्यांना चहा करून दिला.

जागा ठरवण्याची माझी रीत अशी. उजेड असताना पोचायचं. इंजिन बंद करण्याआधी खाली उतरून कॅम्पच्या माणसाला विचारायचं, पाणी कुठवर येतं आणि आज सुटणार आहे काय. मग काठावरची झाडं बघायची. मुळांत आणि खालच्या फांद्यांत काटक्या, प्लॅस्टिक, वाळलेलं गवत अडकलेलं असतं. ते जिथवर आहे तिथवर नदी येऊन गेलेली असते. खडकांवरही खाली काळपट आणि वर कोरडा पांढुरका अशी रेघ दिसते. त्या सगळ्याच्या बऱ्याच वर गाडी लावायची, तोंड रस्त्याकडे करून. चाकांखाली लाकडी ठोकळे, नुसत्या हँडब्रेकवर उतारावर गाडी सोडायची नाही. आणि चाक वाळूत रुतलंच तर गाडी रेटू नका. टायरमधली हवा कमी करा, चाकासमोर फळी नाहीतर पायपुसणी घाला, आणि दमानं काढा.

पोहायचं असेल तर कॅम्पवाले सांगतील तिथंच, लाइफ जॅकेट घालून. दांडेलीच्या बाजूला नदीत मगरी आहेत, दांडेलप्पाच्या देवळाजवळ तर लोक त्या बघायला जातात.

नदीत भांडी घासणं, टाकी ओतणं

ही दुसरी गोष्ट, जिचा मला खरोखर राग येतो. "वाहतं पाणी आहे, काय होतंय," असं म्हणत लोक कुकर घेऊन काठावर बसतात. लिक्विड सोपचा फेस थेट नदीत. याच नदीत पाणमांजरं मासे धरतात, खालच्या गावांतली माणसं आणि जनावरं हेच पाणी वापरतात. गाडीच्या सिंकखालची टाकी रात्री गुपचूप उताराला सोडून देणारेही आहेत. कॅसेट संडासाचं, म्हणजे गाडीतल्या ज्या संडासाची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायची असते त्याचं, तर विचारूच नका. त्यातलं निळं औषध जंतू मारण्यासाठीच असतं, त्यामुळं ते कॅम्पच्या सेप्टिक टँकमध्ये ओतलं तरी मैला कुजवणारे जंतू मरतात आणि टाकी तुंबते.

आमच्याकडे ताटं आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसून काढतात. कागद पिशवीत, पिशवी घरी परत. मग काठापासून शंभर पावलं लांब, बादलीत, थोड्या साबणानं धुवायचं आणि ते पाणी मातीवर पसरून टाकायचं. कॅसेटमध्ये औषध न घालता नुसतं पाणी वापरतो आणि कुठं रिकामी करायची ते मालकाला विचारूनच करतो. एवढा कंटाळा येत असेल तर सरळ कॅम्पचा संडास वापरावा.

बाकीच्या

एक्स्टेंशन बोर्डची वायर गुंडाळलेली ठेवून त्यावर किटली आणि हीटर लावू नका. गुंडाळीत वायर तापते आणि वितळते. पूर्ण सोडून पसरा. कॅम्पचा पॉइंट पाच अँपिअरचा आहे की पंधराचा, हे फोनवरच विचारून घ्यावं.

शिसं-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. रात्रभर फ्रिज, पंखा आणि टीव्ही चालवणारे सकाळी तक्रार करतात.

थंडी वाजते म्हणून पेटत्या कोळशाची शेगडी गाडीत घेऊन काचा बंद करून झोपणं म्हणजे मरण. त्या धुराला वास असेलच असं नाही. जाड रग घ्या, वर दोन बोटं काच उघडी ठेवा.

शेकोटी कॅम्पनं केलेल्या जागीच. फेब्रुवारीपासून बांबूचा पाचोळा असा वाळतो की एक ठिणगी पुरते.

माकडांना केळी देऊ नका. एकदा दिलं की पुढच्या गाडीचं दार ती स्वतः उघडतात.

स्पीकर लावायचाच असेल तर घरीच थांबा. धनेश पक्षी बघायला लोक लांबून येतात, त्यांना सकाळ शांत मिळू द्या.

पावसाळ्यात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सफारी बंद असते, गाडी चिखलात रुतते, आणि जळवा पायात चढतात त्या वेगळ्याच.

शेवटचं, गोचीड. डिसेंबर ते मे या काळात उत्तर कन्नडच्या जंगलात माकडतापाची भीती असते. 1957 साली शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. बारीक गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. पाचोळ्यावर अंग टाकू नका, पॅंट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागं, काखेत, कानामागं बघा, मुलांचं आधी. कपडे घरी गेल्यावर गरम पाण्यात धुवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. आणि परतल्यावर आठवडाभरात कडक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर मेडिकलमधून गोळी आणून घरात बसू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा, की जंगलात राहून आलोय.