पीडीएफवरच्या डिजिटल सहीचं पिवळं प्रश्नचिन्ह

माल पुरवठ्याच्या करारावर डीएससीने (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटने) सही करून फाईल पाठवली. समोरच्या पार्टीच्या अकाउंटंटांचा फोन: "साहेब, सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतंय, 'व्हॅलिडिटी अननोन'. पेनने सही करून कुरिअर करा."

सहीत खोट नव्हतीच. आपल्याकडच्या सर्टिफिकेटांचं मूळ 'सीसीए इंडिया' (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरचा सरकारी नियंत्रक), आणि त्यांच्या संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरला ते ओळखीचं नव्हतं, एवढंच. फोनवरच सांगत गेलो: सहीवर राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट. डावीकडच्या यादीतलं सगळ्यात वरचं 'सीसीए इंडिया' निवडा (माझं नाव नव्हे, बरेच जण तिथेच अडकतात), ट्रस्ट टॅबमध्ये 'ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स', मग सही पुन्हा व्हॅलिडेट करा. हिरवी खूण आली.

लाल फुली दिसली किंवा सहीनंतर फाईल बदलल्याचं आलं, तर हा उपाय नको. फाईल परत मागवा. आणि प्रिंट काढून स्कॅन केलेली प्रत तपासताच येत नाही, तिच्यात सहीचं नुसतं चित्र उरतं.

कायद्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ५ नुसार अशी सही हाताच्या सहीच्या बरोबरीची. मृत्युपत्राला मात्र ती चालत नाही, आणि फ्लॅटच्या खरेदीखताला दुय्यम निबंधकाकडची नोंदणी लागतेच.