मन जड झालंय? एक वही घ्या आणि तळ्याकाठी जाऊन बसा

आधी सामान सांगते, कारण बरेच जण तिथंच अडकतात. कॅनव्हास नको, ब्रश नको, सोलापुरात नवी पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात एक कोरी ड्रॉइंगची वही आणि तेलखडूचं छोटं पाकीट घ्या, बॉलपेन घरात असतोच. वही लहानच घ्या, पर्समध्ये नाहीतर गाडीच्या डिकीत मावेल अशी, मोठा कागद समोर आला की माणूस बिचकतो आणि आता काहीतरी चांगलं काढलं पाहिजे असं डोक्यात सुरू होतं. आपल्याला चांगलं काढायचंच नाहीये, एवढं मनाशी पक्कं केलं की पुढचं सोपं जातं.

"मला चित्रकला येत नाही, शाळेत पण नापास व्हायचो" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय! अमेरिकेत गिरिजा कैमल यांच्या टीमनं २०१६ साली एक अभ्यास छापला होता, ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाजचे कागद दिले आणि हवं ते करा म्हटलं, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, तपासलं. दर चारातल्या साधारण तिघांचं ते कमी झालं होतं, आणि आधी चित्रकलेची सवय असण्या-नसण्यानं त्यात फारसा फरक पडला नव्हता. अभ्यास छोटा आहे, त्यावरनं मोठे दावे करू नयेत, पण येत नाही म्हणून थांबलेल्यांनी तरी आता थांबू नये.

अजून एक गोष्ट आधीच क्लिअर करते. आर्ट थेरपी म्हणजे शिकलेल्या थेरपिस्टसोबत बसून केलेले उपचार. अ‍ॅड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये टीबीसाठी सॅनेटोरियममध्ये होता, तिथं स्वतः चित्रं काढून त्याला बरं वाटायला लागलं मग इतर पेशंटांनाही त्यानं ते शिकवलं, १९४२ मध्ये आर्ट थेरपी हे नाव वापरलं ते त्यानंच. पुढं याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. आपण घरी किंवा तळ्यावर जे करणार आहोत ती स्वतःची काळजी आहे, तिचा उपयोग खरा आहे पण ती औषधाची जागा घेत नाही.

आता जायचं कुठं. सोलापुरात झाडं कमी आणि ऊन जास्त अशी तक्रार असते आणि ती काही खोटी नाही, एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो त्यामुळं त्या दिवसांत सकाळी आठच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावरच बाहेर पडा, पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन. विजापूर रोडचा संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसं अजून कंबर तलाव म्हणतात, तो मला यासाठी सगळ्यात आवडतो, बगळे दिसतात, वंचक दिसतो, नशीब असेल तर खंड्या दिसतो. सिद्धेश्वर तलावाकाठी गर्दी असते पण एकटं बसायची भीती वाटणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, ती गर्दीच बरी. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे. सुट्टी असेल तर बार्शी रोडनं नान्नजला जा, माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, तो आता फारच क्वचित दिसतो, पण गवताळ माळ आणि काळविटांचे कळप बघून डोक्यातला गोंगाट आपोआप खाली येतो. अभयारण्य आहे तेव्हा वनखात्याचे नियम पाळायचे, आणि तिथं मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पोचल्यावर लगेच वही उघडू नका. मोबाईल सायलेंट करून दहा मिनिटं नुसतं बसा आणि कानाला काय काय येतंय ते मनात मोजा, टिटवी, लांबची एसटी, पाण्याचा चुबूक आवाज, कुणाच्या तरी चपला. मग पेन घ्या, समोरची एक फांदी निवडा, लिंबाची असेल बाभळीची असेल, आणि कागदाकडं न बघता फक्त फांदीकडं बघत तिची कड हळूहळू काढत जा, डोळा जिथं जाईल तिथंच पेन. निघेल ते वेडंवाकडंच निघणार, तसंच निघायला पाहिजे, कारण डोळा फांदीवर खिळला की "उद्याचा हप्ता कसा भरू" हे थोडा वेळ तरी मागं पडतं. घाई करायची नाही, एकच फांदी पाच मिनिटं पुरते.

दुसरं, रंगाचं. आज आत कसं वाटतंय त्याला एक रंग द्या आणि पान भरून टाका, जोरात घासावंसं वाटलं तर जोरात, खडू तुटला तरी चालेल. भरून झाल्यावर पानाच्या मागं एकच वाक्य लिहा, ह्या रंगाला बोलता आलं असतं तर तो काय म्हणाला असता. काहींना इथं रडू येतं, येऊ द्या. पण जुनी एखादी वाईट घटना डोळ्यासमोर यायला लागली, छाती धडधडायला लागली तर ताबडतोब थांबा, वही मिटा, पाय जमिनीला टेकवा आणि आसपासच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. तसली आठवण एकट्यानं तळ्याकाठी उकरायची नसते, ती थेरपिस्टसमोरच.

पानं गोळा करायची तर खाली पडलेलीच उचला. पिंपळाचं पान कागदाखाली ठेवून वरनं खडू आडवा फिरवला की सगळ्या शिरा उठतात, लहान पोरं आणि म्हातारी माणसं दोघांनाही हे जमतं. आपल्याकडं सूतही मुबलक, चादरी-टॉवेलच्या कारखान्यातनं कापलेले रंगीत धागे मिळतात, ते फेविकॉलनं कागदावर चिकटवत बसणं हे हातांना फार शांत करणारं काम आहे. कुठं शेताच्या कडेची काळी माती मिळाली तर तिचा गोळा मळा, काही बनवायची गरज नाही, नुसता मळला तरी बास.

बाहेर पडताच येत नसेल तर? घरी आजारी माणूस आहे, किंवा दिवसभर विड्या वळून मान आणि बोटं आखडलीत, अशा बाईला तळ्यावर जा सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर अजून एक काम. तिनं खिडकीतनं जे झाड दिसतं तेवढंच धरावं. रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड तपासून दाखवलं होतं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या २३ पेशंटांना खिडकीतनं झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. झाडही दिसत नसेल तर गच्चीवर तुळशीशेजारी बसा. आणि दारातली रांगोळी, ती तर रोजचीच आहे, फक्त एक दिवस ठिपके न मोजता हात जाईल तशी काढा.

किती वेळ द्यायचा? इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर २०१९ साली एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक जास्त बरं वाटतंय असं सांगत होते, एकदम की तुकड्यातुकड्यानं यानं फरक पडत नव्हता. म्हणजे रोजची वीस मिनिटं झाली तरी चालतंय.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. चित्र स्टेटसला टाकू नका, लाईक मोजायला लागलात की ते दुसऱ्यासाठी काढलेलं होतं. आणि घरातल्या कुणाचं चित्र बघून "काळा रंग वापरलाय म्हणजे डिप्रेशन" असलं निदान करू नका, माणूस परत वही उघडणार नाही. फक्त म्हणा, याबद्दल सांगशील का, आणि नाही म्हणाले तर सोडून द्या.

दोन आठवड्यांच्या वर मन उदास आहे, झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, तर चित्रं काढत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. जगणं नको वाटत असेल तर आत्ताच १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि फोन लावायचं बळ नसेल तर शेजारच्याला लावायला सांगा.

वहीच्या प्रत्येक पानावर तारीख टाकत चला. डॉक्टरांकडं जाल तेव्हा ती सोबत न्या, पहिल्या भेटीत तोंडातनं शब्द निघत नाही, "काय होतंय" विचारलं की "काही नाही" एवढंच येतं, तेव्हा वही उघडून पुढं ठेवली तरी बोलणं सुरू होतं.